गुबगुबीत अक्षरांचा बोर्ड

फ्लेक्सच्या दुकानात माणूस बोर्ड करायला येतो आणि जाताना घरचं काहीतरी सांगून जातो. महाडला इतकी वर्षं दुकान चालवतोय, आता कापलेल्या फ्लेक्सपेक्षा किश्श्यांचाच ढीग मोठा झालाय! त्यातले निम्मे एका फॉन्टचे.

फॉन्ट माझ्या बायकोचा, संजीवनीचा. लहानपणी पाहिलेल्या रंगवलेल्या पाट्यांवरची जाडजूड अक्षरं तिच्या डोक्यात बसली होती. ती तिने हाताने काढून कॉम्प्युटरवर चढवली. ‘भ’ला ढेरी, वेलांटी तिरक्या टोपीसारखी. नाव ठेवलं ‘गुबगुबीत’. हा घेणार कोण, असं मी विचारलं. ती म्हणाली, “हसरा चेहरा कुणालाही आवडतो.”

*

पहिलं गिऱ्हाईक कोर्टाजवळचे एक नवे वकील. पाटी लागली आणि दुसऱ्याच दिवशी डोंगराकडच्या एक मावशी पाटी बघून हॉटेलच समजल्या आणि आत येऊन दोन प्लेट भजी मागू लागल्या. वकीलसाहेबांनी समोरून खरंच मागवली. खाताखाता कळलं, मावशी तारखेला आल्या होत्या आणि त्यांना वकीलच नव्हता.

पाटी बदलू का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “आता कशाला? पहिली केस तिनेच आणलीय.”

*

वीर स्टेशनवर रिक्षा लावणाऱ्या सुभाषला मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ हवं होतं, तेही याच फॉन्टमध्ये आणि मोठ्ठं. काचेवर मावलं फक्त ‘आई’. त्याच्या आईने ते पाहिलं आणि आपला आशीर्वाद कुठे गेला, असं विचारलं.

सुभाष म्हणाला, “तू जाडी झालीस आये, त्याला जागाच नाय उरली.”

*

पूर ओसरल्यावर बाजारातले एक कापडवाले शेठ आले. माल सगळा गेला होता. ‘दुकान चालू आहे’ असा बोर्ड लांबून दिसेल असा हवा, म्हणाले. आमचंही मशीन बुडालेलं. संजीवनीने तीच अक्षरं पत्र्यावर ब्रशने रंगवली.

बोर्ड बघून एक बाई आत शिरली. रिकाम्या फळ्या पाहून तिने विचारलं, “काय काय आहे?”

शेठ म्हणाले, “सध्या मी आहे.”

बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग पदर खोचून फळ्या पुसायला लागली.

*

पोलादपूरच्या वरच्या वाडीतले धोंडूमामा गेले. घुंगरू बांधून जाखडीचा नाच नाचणारा गडी. त्यांच्या नाचाचे बोर्डही आम्हीच करायचो, अर्थात गुबगुबीतमध्ये. तेराव्याचा श्रद्धांजलीचा बोर्ड करायला मामी आल्या, सोबत मुंबईहून आलेला मुलगा. त्याने साधी, बारीक अक्षरं निवडली. मामींना वाचता येत नव्हतं. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

“ह्यात तो मेलेला दिसतो.”

“आये, मेलाच हाय तो,” मुलगा हळूच म्हणाला.

मामींनी भिंतीवरच्या जाड अक्षरांकडे बोट दाखवलं. लोक हसतील, असं मुलगा समजावत होता.

“हसू दे. जन्मभर दुसरं काय केलं त्यानं?”

तेराव्याला मी स्वतः गुबगुबीत अक्षरांचा बोर्ड अंगणात बांधला. मंडळी खाली माना घालून बसली होती. मामांच्या जोडीला नाचणारे सखाराम तात्या उशिरा आले. बोर्डासमोर उभे राहून एकेक अक्षर वाचलं. मग मोठ्याने विचारलं, “नाच कधी चालू होतोय?”

मुलगा त्यांना गप्प करायला उठला.

मामी घरात गेल्या, धोंडूमामांचे घुंगरांचे चाळ घेऊन बाहेर आल्या आणि तात्यांच्या हातात दिले.

“मानसं जमलीत,” म्हणाल्या. “बांध.”