हातावर दात

मॅचसाठी बर्फावर उतरायच्या आधी तो तोंडात दोन बोटं घालायचा, समोरचे चार दात काढायचा आणि माझ्या तळहातावर ठेवायचा.

"सांभाळ माझं हसू," एवढं म्हणायचा आणि निघून जायचा.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात कोणी काय दिलं असेल मला माहीत नाही. माझ्या हातात दात होते. आणि ते गरम होते.

ते दिवस असे होते की पुण्या-मुंबईहून मेलबर्नला येणाऱ्या प्रत्येक विमानातून विद्यार्थी उतरायचे. कोणी अकाउंटिंगला, कोणी हेअरड्रेसिंगला. सगळ्यांचा खरा विषय एकच, पीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायमचं राहायचा परवाना. मी सोलापूरहून अकाउंटिंगला आलो होतो आणि वेरिबी नावाच्या उपनगरात तिघांबरोबर राहत होतो. युनीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: आइस हॉकी टीमला मदतनीस हवा. हॉकी तर आपण शाळेत खेळलेलो. 'आइस' हा शब्दही मी वाचला होता, नाही असं नाही. पण मला वाटलं, खेळाडूंना थंड पाण्याची सोय असेल.

"हॉकी येते?" कोचने विचारलं.

"शाळेच्या टीमचा कॅप्टन होतो," मी छाती काढून सांगितलं.

पहिल्याच संध्याकाळी मी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन, साध्या बुटांत, रुबाबात बर्फावर पाऊल टाकलं. पुढचं मला छत दिसलं. सोलापूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध काला-खट्टा गोळ्यापुरता. तो पायाखाली येईल असं कधी वाटलंच नव्हतं. बाटल्या चहूकडे घरंगळल्या, आणि एका दांडग्या माणसाने माझी कॉलर धरून मला आइस हॉकीत चेंडूऐवजी असते त्या चकतीसारखं सरकवत बाकापाशी पोचवलं.

"कॅप्टन," तो बोळक्या तोंडाने हसत म्हणाला, "वन मोअर?"

तोच तो. तेव्हापासून मी त्याचा कॅप्टन झालो आणि त्याच्या दातांचा राखणदार.

त्याचं गाव कॅनडाच्या पार वरच्या टोकाला. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडलं, तेव्हापासून लोक त्याला खेळायचे पैसे देत होते; कधी बरे, कधी नुसते पोटापुरते. तिकडच्या मोठ्या लीगच्या दारापर्यंत दोनदा गेला, पण आत कोणी बोलावलं नाही. मग जर्मनी, स्कॉटलंड, जपान. जिथे बर्फ असेल आणि टीममध्ये एक जागा रिकामी असेल, तिथे हा. आमच्याकडे त्याला विमानाचं तिकीट, राहायला खोली आणि दिवसा रिंकवर बर्फ सपाट करायचं मशीन चालवायचं काम मिळायचं.

"प्रोफेशनल प्लेअर म्हणजे नक्की काय रे?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे आईला अजून वाटतं, मी नोकरी शोधतोय."

माझ्याही आईला तेच वाटत होतं, त्यामुळे आमचं जमलं.

"मग हे दात एकदाचे पक्के का नाही बसवून घेत?"

तो गंभीर झाला. "खेळणारा माणूस पक्के दात बसवत नाही, कॅप्टन. बसवले की कोणीतरी पाडतं. खेळणं संपलं की बसवायचे."

"म्हणजे कधी?"

"अजून नाही. वन मोअर, मेट. एकच सीझन."

हे तो गेली कित्येक वर्षं म्हणतोय, असं गोलकीपरने मला हळूच सांगितलं. चाळिशी जवळ आली होती. जिना उतरताना त्याचा गुडघा असा वाजायचा की मी खिशात फोन चाचपायचो.

एका मॅचआधी तो एकाच स्केटची नाडी पुन्हा पुन्हा सोडत-बांधत बसला होता. कोचने बजावलं होतं की असंच खेळलास तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही. मी कोपऱ्यात डब्यातला दहीभात खात होतो. नको ते बोलून गेलो. "आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही-साखर देतात. काम फत्ते होतं आणि माणूस सुखरूप परत येतो."

त्याने ग्लव्ह काढला. "कुठला हात?"

आता आली का पंचाईत! उरलेल्या दह्यातले भाताचे चार कण बाजूला केले, कॉफीच्या साखरेची पुडी फोडली आणि त्याच्या उजव्या हातावर चमचाभर ठेवलं. त्याने तळहात चाटून पुसून साफ केला.

त्या दिवशी त्याने गोल मारला. मारला म्हणजे, दुसऱ्याने मारलेली चकती त्याच्या पार्श्वभागाला लागून आत गेली. पण दोन सीझनमधला तो त्याचा पहिला गोल होता.

खेळाडूंइतकी अंधश्रद्धाळू जमात मी पाहिलेली नाही. आमची परीक्षेच्या दिवशी तोच शर्ट घालणारी मुलं यांच्यापुढे काहीच नाहीत. पुढच्या मॅचला ती अख्खी दांडगी टीम उजवा हात पुढे करून माझ्यासमोर रांगेत उभी. कोचही होता, शेवटी, इकडेतिकडे बघत.

दुकानातल्या दह्याला चव नाही म्हणून मी घरी दही लावायला लागलो. पण मेलबर्नच्या थंडीत ते लागेल तर शपथ. मग पातेलं हीटरशेजारी ठेवून नाशिकच्या रूममेटच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळायचो.

"अरे, लोक इथे डिग्री घ्यायला येतात," तो थंडीने कुडकुडत ओरडायचा, "तू दही लावतोयस! आणि तेही माझ्या ब्लँकेटात!"

दर वेळी त्यातलं चमचाभर दही मी विरजणासाठी काढून ठेवायचो. हे का, असं आमच्या कॅनडावाल्याने विचारलं. म्हटलं, यातूनच पुढचं होतं. तो खूश झाला. "म्हणजे दहीसुद्धा म्हणतं, वन मोअर!"

सीझनची शेवटची मॅच आली. ती संपली की कोच कॅनडावाल्याला पुढच्या वर्षाचं सांगणार होता. त्याने दही दोनदा मागून घेतलं. मी दिलं, आणि बर्फाकडे बघत बसलो. समोरच्या टीममधला एक पोरगा त्याला बागेतल्या बाकाला घालावा तसा वळसा घालून जात होता. एकदा, पुन्हा एकदा. मग आमच्या गड्याने एक सणसणीत फटका अंगावर घेऊन अडवला, कोसळला आणि सावकाश उठला. मॅच आम्ही जिंकलो. मी आनंदाने दोन्ही हात वर केले आणि त्याचे दात रुमालातून निसटून थेट दह्याच्या डब्यात पडले.

तो धापा टाकत आला, हात पुढे केला. कोच दारात वाट बघत होता. धुवायला वेळ नव्हता. मी ते तसेच चमच्याने काढून दिले. त्याने बसवले, जीभ फिरवली.

"गोड आहेत," म्हणाला आणि आत गेला.

लगेच बाहेर आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझं हसू फार छान आहे."

स्टिकला गुंडाळलेली टेप सोडवायला तो खाली बसला. मीही शेजारी बसलो. टेप नीट सुटेना, तेव्हा दोघांनी मिळून ओढली.

महिन्याभराने तो गावी परत निघाला. तिथे लहान मुलांना खेळ शिकवायचं काम मिळालं होतं. मी एअरपोर्टवर डबी घेऊन गेलो. रांगेतल्या लोकांसमोर त्याने हात पुढे केला, दही-साखर खाल्ली, तळहात चाटला. आणि मी, सवयीचा गुलाम, माझा हात पुढे केला.

त्याने दोन बोटं तोंडात घातली. दात धरून ओढले. पुन्हा ओढले. डोळे मोठे केले. ते हलले नाहीत.

"पक्के?" मी विचारलं.

"पक्के, कॅप्टन. आता माझं हसू मीच सांभाळीन."

आणि तो दारातून आत जाईपर्यंत मागे वळून वळून, भरल्या तोंडाने हसत राहिला. इतकं सरळ, पांढरं हसू. मला ते थोडं अनोळखीच वाटलं.

माझ्या हातात देण्यासारखं आता त्याच्याकडे काही नव्हतं. डबीत चमचाभर दही उरलं होतं. ते घरी नेऊन त्याचंच विरजण लावलं, साखरेसकट. सकाळी ब्लँकेट उघडून बघितलं. गोडसर लागलं, पण लागलं.