कोकोचं अंडं

लग्नाची हळद उतरली नव्हती तोवर आमचे हे पलटणीत परत गेले, आणि पुन्हा घरी आले ते लढाई संपल्यावरच. मधल्या वर्षांत सासरची सगळी माणसं माझ्या ओळखीची झाली. सासूबाईंचा गुडघा केव्हा दुखतो, थोरल्या जाऊबाईंना कशानं हसू फुटतं, सगळं मला ठाऊक होतं. नवऱ्याचा आवाज तेवढा नीट आठवत नव्हता.

आमचं गाव साताऱ्याहून कऱ्हाडकडं जाताना लागतं, कृष्णेच्या काठावर. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. तिकडं पाहुणा आला तरच गुळाचा खडा बाहेर निघायचा. इथं मी पहिल्यांदा गरम गूळ पानावर घेऊन बोटानं चाटला, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "सावकाश खा, कोण पळवून नेत न्हाई."

हे आले तेव्हा थंडी होती. रात्री कधी जेवताना एखादं गाव, एखादा डोंगर सांगत, तेही सासऱ्यांनी विचारलं तर. चारचौघांत नवरा-बायकोनं बोलायची आमच्याकडं रीत नव्हती, आणि एकटे असलो तरी आम्हाला काही सुचत नसे. ते पाणी मागत, मी पाणी देई.

त्यांच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि बहुधा विसरून गेले. एके सकाळी सासूबाईंची मिसरी संपली. त्यांनी फळीवर हात फिरवला, डबा उघडला, आत तपकिरी भुकटी. चिमूटभर हातावर घेतली आणि दात घासायला बसल्या. थोड्या वेळानं थांबल्या. तोंड वाकडं केलं. पुन्हा घासलं.

"आरं," त्या सोप्याकडं बघून म्हणाल्या, "ही तुमच्या पलटणीची मिसरी लय कडू हाय. पर वास ग्वाड येतुया."

हे आत आले, आईच्या हातातला डबा पाहिला आणि तिथंच खाली बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी चुलीपाशी होते. माणूस असा हसतो हे मला तेव्हा कळलं.

"आई, मिसरी न्हवं ती. कोको हाय. ह्याचं चॉकलेट करत्यात."

आणि मग ते सांगत बसले. इटलीत एका खेड्यात त्यांचा तळ पडला होता. जवळच्या घरात एक म्हातारी राहायची. त्यांचा इस्टरचा सण आला, त्यांचा देव मरणातून परत उठला तो दिवस, तेव्हा तिनं लढाईभर लपवून ठेवलेलं चॉकलेट वितळवून त्याचं अंडं केलं, आणि फोडून दारातल्या शिपायांना तुकडा तुकडा वाटलं.

"सणादिशी अंडं?" सासूबाईंनी विचारलं.

"ग्वाडाचं, आई. आतनं पोकळ. आत बदाम भरल्याले."

"कवा येतो त्यो सण?"

"चैताच्या सुमाराला. पुनवेच्या मागनं येणारा ऐतवार, असं म्हातारी हाताच्या खुणंनं सांगत हुती."

सासूबाईंना हे पटलं. पुनव बघून सण धरणारी माणसं त्यांना आपल्यातली वाटली असावीत. "मग आपुनबी करू," त्या म्हणाल्या. "गूळ घरचा हाय, म्हशीचं दूध हाय. बघू कसं न्हाई हुत."

पहिल्या खेपेला आम्ही कोको सरळ गुळाच्या पाकात टाकला. त्याचा असा दगड झाला की उलथनं त्यातच अडकून बसलं. सासऱ्यांनी ते पातेलं उन्हात धरून बघितलं आणि ते गोठ्याकडं गेले. दुसऱ्या खेपेला पाक कच्चा राहिला. तिसऱ्या खेपेला मी भीत भीत जाऊबाईंच्या कानात सांगितलं, खवा घालून बघू या, वड्यांसारखा. आणि तूप सढळ. जाऊबाईंनी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढला.

चैत्री पुनव झाली. गुऱ्हाळात उसाच्या रसाचं शेवटचं आधण उतरलं, त्यातला मऊ गूळ आम्ही घरी आणला. शनिवारी चुलीपुढं बसून खवा परतला, त्यात गूळ, तूप आणि उरलेला सगळा कोको घातला. घरभर असा वास सुटला की शेजारणी कुंपणावरून विचारू लागल्या. नारळाच्या दोन करवंट्या तुपानं माखून त्यांत तो गोळा हातानं थापला, मधे पोकळी ठेवली आणि पाण्याच्या माठालगत ओल्या वाळूत गार करायला ठेवल्या. सकाळी दोन्ही अर्धे भाग सुटून निघाले. आत भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या आणि चुरमुरे भरले आणि काकवीनं सांधा जोडला.

अंडं कसलं, चांगला नारळाएवढा एक गोल तयार झाला. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, "कोंबडीचं तर न्हवं हे. हत्तीनं घातलं असंल."

सगळे सोप्यावर जमले. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "तू फोड. तुझा सण."

हे उठले, ताट उचललं आणि दाराआड मी उभी होते तिथं आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "खवा घालायचं हिनं सांगितलं. हिनं फोडावं."

सासऱ्यांनी खाकरून बाहेर बघितलं. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "फोड की गं. उन्हानं वितळाय लागलंय."

खरंच वितळायला लागलं होतं. मी मुठीनं ठोसा दिला तर ते फुटलंच नाही, नुसतं खोल दबलं आणि माझा हात मनगटापर्यंत आत गेला. चुरमुरे उडाले. सासरे सगळ्यांत आधी हसले. मग सगळ्यांनी हातानंच तोडून खाल्लं. कडसर, गोड, मधेच शेंगदाणा. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि म्हणाल्या, मिसरीपरास बरं हाय.

त्या संध्याकाळी हे बैलांना पाणी पाजायला नदीवर निघाले. कळशी घेऊन मीही निघाले, मला कुणी अडवलं नाही. वाटेत मी विचारलं, ती म्हातारी दिसायला कशी होती.

ते सांगू लागले. ती काळा रुमाल बांधायची. तिचे दोन्ही मुलगे लढाईत गेले होते, आणि त्यांची काही खबर नव्हती. ह्यांना ती कुठल्यातरी नावानं हाक मारायची, बहुधा त्यांतल्या एका मुलाच्या. हे ओ द्यायचे.

"मग आले का ते तिचे मुलगे?"

"धाकटा आला. आमी तळ हलवायच्या आदल्या दिशी. चालत आला रस्त्यानं. तिनं लांबनंच वळखला."

नदीवर पोचलो तरी ते बोलतच होते. बैल पाणी पिऊन वर आले, कळशी भरून झाली, तरी आम्ही दोघं घाटाच्या पायरीवर बसून होतो.