हीटर लावून गप्पा

ज्या देशात पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, त्या देशात माझ्यावर पेट्रोल उधळल्याचा आळ आला. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझे कान तापतात. तापू देत. काही राग निवू द्यायचे नसतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही आखातात, मुऐदर नावाच्या वस्तीत एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अर्ध्या भागात राहत होतो. मी अल गराफातल्या एका शाळेत शिकवायचे आणि मुलीला घेऊन आमच्या जुन्या जपानी गाडीने जायचे-यायचे. ही गाडी माझ्या हाती सुखासुखी आलेली नव्हती. लायसन्ससाठी आधी नवऱ्याचं 'हरकत नाही' असं पत्र, मग परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास. बरोबरीच्या बायकांनी नाद सोडला, मी सोडला नाही. पहिल्यांदा एकटी राउंडअबाउटमधून धडपणे बाहेर पडले, तेव्हा आनंदाने चक्क ओरडले होते.

आमचे अहो गॅस प्रकल्पावर इंजिनिअर. माप घेतल्याशिवाय चहात साखर घालणार नाहीत असा माणूस. दर शुक्रवारी टाकी भरायची आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, हे त्यांचं व्रत. हिवाळा लागला आणि व्रतात विघ्न आलं. मीटर म्हणायचा गाडी नेहमीइतकीच फिरली, पण टाकी मात्र शुक्रवार उजाडायच्या आतच तळाला.

"पैशाचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "पेट्रोल जातंय कुठे, हा प्रश्न आहे."

मग शोध सुरू झाला. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. टायरमधली हवा पाहिली, ब्रेक धरून राहतात का ते पाहिलं, गाडीखाली पुठ्ठा पसरून गळती शोधली. मी शेजारी टॉर्च धरून उभी. सगळं ठीक निघालं. तेव्हा हात पुसत ते माझ्याकडे वळले.

"गाडीत काही नाही. म्हणजे पेट्रोल उभ्या गाडीत जळतंय. तू हीटर लावून गप्पा मारत बसतेस."

या आरोपाला आधार होता तो तिथल्या रिवाजाचा. किराणा दुकानापुढे कोणी गाडीतून उतरतच नसे. हॉर्न वाजवायचा, दुकानदार बाहेर येतो, दूध-पाव खिडकीतून आत देतो. इंजिन बंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही. शाळेबाहेरही बायका काचा खाली करून या गाडीतून त्या गाडीत बोलायच्या. अहो स्वतः मित्रांबरोबर चहाच्या दुकानापुढे असेच ताटकळायचे, पण ते थांबणं कामाचं. माझं थांबणं म्हणजे गप्पा.

"अहो, हीटर लावून बसू कशी? तो नुसता गार वारा फेकतो!"

"मग गरम व्हायची वाट बघत आणखीच वेळ बसत असशील."

कोंबडं झाकलं तरी आरवायचं राहत नाही म्हणतात, पण इथे ते आरवत होतं आणि ऐकणाऱ्याने कानांत बोळे घातले होते. वाळवंटात कसली आलीय थंडी, असं नाशिकला माझी आईसुद्धा म्हणायची. तिला काय माहीत! उत्तरेकडून बोचरा वारा सुटायचा, घरात पायाखाली बर्फासारखी फरशी, आणि घरं बांधलेली सगळी उन्हाळ्याच्या भीतीने. सकाळी मुलगी मागच्या सीटवर दप्तर पोटाशी धरून कुडकुडायची. हीटरची ऊब आम्ही चैनीसाठी मागत नव्हतो.

पुढे एका घरी चार मराठी कुटुंबं जेवायला जमली, तिथे अहोंनी सांगितलं, "आमच्याकडे पेट्रोलवर चालणारं महिला मंडळ आहे." सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण हातात आमटीचं भांडं होतं आणि ते कुणाच्या अंगावर ओतण्याची सोय नव्हती. घरी आल्यावर निकाल लागला.

"हिवाळ्याची सुट्टी संपली की तू शाळेच्या बसने जा. गाडी विकून टाकू."

त्या सुट्टीतल्या एका शुक्रवारी पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालला आमच्या ओळखीच्या रत्नागिरीच्या कुटुंबाने जेवायला बोलावलं. टाकी भरून निघालो. गाडी अहो चालवत होते. सरळसोट रस्ता, ना सिग्नल ना दुकान. अर्ध्या वाटेवर मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, इट्स फ्रीझिंग!"

अहोंनी हीटर पूर्ण उघडला. गार वारा आला.

"चालू दे जरा, होईल गरम."

गाडी चालत राहिली आणि हीटर गारच राहिला. मी समोरच्या काट्यांकडे बघत बसले. इंजिनच्या उष्णतेची सुई अगदी तळाला चिकटली होती.

"ही सुई वर का येत नाही?"

"येईल कशी? उन्हाळ्यात गाडी तापत होती, तेव्हा सनैयाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजात जाऊन मी थर्मोस्टॅट वॉल्व्हच काढून टाकला. आपल्याकडेही काढतात. गरम देशात त्याचं काय काम?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "बघ, तेव्हापासून कशी गार चालते."

"तो वॉल्व्ह करतो काय?"

"इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही." इतकं बोलले आणि थांबले.

"म्हणजे इंजिन तापतच नाहीये! थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, हे मला तुम्हीच शिकवलंत ना? उघड्या पातेल्यात डाळ ठेवायची, वर पंखा सोडायचा आणि गॅस संपला की स्वयंपाक करणारीला बोल लावायचा!" माझा आवाज चढला होता. पेट्रोलचा काटाही वाटेवरच केवढा तरी खाली आला होता. "आत्ता इथे कोण गप्पा मारत बसलं होतं? सांगा ना!"

त्यांनी हीटर बंद केला. मग म्हणाले, "वारा समोरून आहे."

जेवताना घरच्या भाभींनी विचारलं, "काय गो, जेवत का नाय? तिखट झालाय काय?" मी म्हटलं, "नाही हो भाभी, तिखट आज मीच झालेय."

दुसऱ्या दिवशी अहो गुपचूप गॅरेजात जाऊन नवा वॉल्व्ह बसवून आले. पाच-दहा मिनिटांत सुई वर चढली, हीटरमधून गरम हवा आली, आणि टाकी पुन्हा आठवडाभर पुरू लागली. फोनवर मित्राला सांगताना मी ऐकलं, "थर्मोस्टॅटचा लोचा होता. काढला शोधून." कोणी शोधून काढला, हे वाक्यात नव्हतं. गाडी विकायचा विषय कोणी परत काढला नाही.

शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"घे. गाडीचाच दोष होता."

"आणि सापडला नसता तर?"

"सापडला ना? मग खलास. उगाच काय उगाळत बसतेस?"

सापडला नसता तर मी बसमध्ये बसले असते, आणि त्या सगळ्या घरांत जन्मभर हीटर लावून गप्पा मारणारी बाई ठरले असते. हीटर गार आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खरं ठरायला लोखंडाचा एक तुकडा साक्षीला यावा लागला. माझं तोंड पुरेसं नव्हतं.

मी किल्लीला हात घातला, पण ती सुटेना. त्यांनी दुसऱ्या टोकाने धरून ठेवली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. मला आधी कळेना, आता आणखी काय हवंय. मग लक्षात आलं. मी आभार मानेन म्हणून ते थांबले होते.