रंगूबाईची न पिळलेली भाजी

रंगूबाई आणि मी गोदावरीकाठच्या भाजीबाजारात शेजारी बसायचो. तिच्यापुढे पालेभाज्या, माझ्यापुढे झेंडू. पुढे नवे ओटे बांधले, वर पत्रे घातले, तशा सगळ्या उठून तिकडे गेल्या. मीही गेले. रंगूबाई एकटी उन्हात तिथेच. म्हणायची, "भारत आला की हितंच बघंल." दोन महिने ओट्यावर काढले मी. झेंडूशी बोलून बोलून किती बोलणार? परत आले.

भारत तिचा एकुलता एक. एक्क्याण्णव साली बापाशी भांडून सुरतेला गेला, तेव्हा बावीस वर्षांचा. पत्र नाही, पत्ता नाही. बाप मोतीराम गेला तेही कळवता आलं नाही. तो येणार याबद्दल रंगूबाईला शंका नव्हती. घोर वेगळाच होता.

"आल्यावर वळखंल का गं मला? बाजारात धा म्हाताऱ्या बसत्यात."

दवाखान्यातली नर्स जहिदा आमच्याकडे भाजीला यायची. एकदा रंगूबाई एका गिऱ्हाइकाला मेथी कशी करायची ते सांगत होती. आधी उकडायची, घट्ट पिळायची म्हणजे कडूपणा जातो, आणि गार झालेलं पाणी तुळशीला घालायचं.

जहिदा हसली. "तरीच मावशी! तुळस तरणी आणि तुम्ही सुकलेल्या. सगळी व्हिटॅमिनं तिलाच पाजता की."

रंगूबाईचा हात जुडीवरच थांबला. "त्यानं तरणं ऱ्हातं?"

जहिदाने तिचा पदर हातात घेतला. "या टोकाला गाठी आहेत ना, म्हणून धागे निघत नाहीत. आपल्या अंगातल्या बारीक पेशींमध्येही धागे असतात, त्यांच्या टोकांना असंच काहीतरी असतं. पेशी नवी होताना ते थोडं थोडं झिजतं. पालेभाजीतल्या व्हिटॅमिनांनी ती झीज हळू होत असेल, असं शिकलेल्या लोकांना वाटतंय. खात्री कुणी देत नाही हं."

"थांबत नाय?"

"नाही मावशी. झालीच तर हळू होईल."

"हळू चालंल," रंगूबाई म्हणाली. "त्यो बी हळूच येतोय."

त्या दिवसापासून तिने भाजी पिळणं सोडलं. मेथी कडूजहर लागायची, तरी पाण्यासकट खायची. मला विचारायची, "कशी दिसते?" मी म्हणायचे, "कालच्यासारखीच." खोटं नव्हतं ते. रोज बघणाऱ्याला काय कळतं?

चार वर्षं गेली. एका दुपारी टक्कल पडलेला, पांढऱ्या खुंटाचा, गाल बसलेला माणूस तिच्यापुढे वाकला.

"मेथी ताजी हाय का?"

"सकाळचीच हाय, बाबा. घ्या."

तो हलेना. मग म्हणाला, "आई."

रंगूबाईने वर पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यावरून मागे. बावीस वर्षांचा पोरगा मागून येतोय का, ते ती शोधत होती.

त्याने तिला लांबूनच ओळखलं होतं. तिला मात्र त्याच्या हनुवटीवरचा व्रण बघावा लागला.

तीन दिवस राहिला. कडू भाजी ताटात बाजूला सारून ठेवली. तिकडे बायको होती, दोन पोरी होत्या, कारखान्यातली रातपाळी होती. या खेपेला पत्ता तेवढा लिहून देऊन गेला.

रंगूबाईने पाणी परत तुळशीला घालायला सुरुवात केली. मी रागावले, तर म्हणाली, "वळखलं ना त्यानं? माझं काम झालं." मग रिकामं भांडं उपडं घालत, "माझ्या आधी त्यो कसा गं झिजला?"

आठ दिवसांनी जहिदा तिच्या घरी आली, तर अंगणात कडक उन्हात चादरीवर मेथी पसरलेली. सुरतेला पाठवायची म्हणून. जहिदाने चादर ओढून सावलीला नेली.

"सावलीत वाळवा मावशी. उन्हात कस जातो."

पिशवी टपालाने गेली त्याला चार महिने झाले. पोचली का, ते अजून कळलं नाही. रंगूबाई दुसरी भरतेय.