एक्सक्लुझिव्ह म्हणजे खास
जबलपुरात मी घरांच्या दलालीत पडलो, तेव्हा आमच्या मराठी लोकांत माझा भाव चांगलाच वधारला होता. कागद हिंदीत नाहीतर इंग्रजीत असायचे आणि मी ते मराठीत समजावून सांगायचो. त्याचा मला तोराही होता.

मावशी सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. नात्यानं कोणी नव्हत्या, पण आईच्या मैत्रीण, म्हणून मावशी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नागपूरला थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. घर विकून तिच्याजवळ जाऊन राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. फाटकाला त्यांनी पत्र्याची पाटी टांगली होती, 'मकान बेचना है', आपल्या वळणदार अक्षरात.

मी ती काढायला लावली. म्हटलं, "मावशी, आता गिऱ्हाईक मोबाइलवर घर शोधतं. फोटो मी टाकतो. आपण सहा महिन्यांचा एक्सक्लुझिव्ह करार करू."

"एक्सक्लुझिव्ह म्हणजे काय रे?"

"खास. तुमच्यासाठी खास."

"अच्छा," म्हणाल्या आणि सही केली. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली डोळ्यांत तेल घालून वाचणारी बाई, माझा कागद न वाचताच मोकळी झाली. सहा महिने ते घर माझ्याशिवाय कोणाच्याही हातून विकता येणार नव्हतं. हे मी बोललोच नाही. खोटंही बोललो नाही, अशी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्या मास्तरांनी घर मागितलं. पाटी त्यांनी आधीच पाहिली होती. किंमत ठीक देत होते, पण माझी दलाली द्यायला तयार नव्हते. "हम तो पड़ोसी हैं भैया, आप बीच में कहाँ से आए?" म्हणाले. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला झोंबला. मी मावशींना सांगितलं, "करार झालाय. परस्पर देता येणार नाही. थांबा, इंटरनेटवर याहून मोठं गिऱ्हाईक येईल."

त्या माझ्याशी भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. "चलो, सही केली ना मी," एवढंच म्हणाल्या. "सही केल्यावर काय बोलाचं?" मास्तरांनी दुसरीकडे घर घेतलं.

फोटो पुष्कळांनी पाहिले, घर पाहायला कोणी फिरकलं नाही. दर रविवारी मावशींचा फोन यायचा, "कोणी येऊन राहिलं का रे?" मी म्हणायचो, येईल. चौथ्या महिन्यात एका रविवारी फोन आला नाही. दोन-तीन रविवार तसेच गेले, तेव्हा मी घरी गेलो. बहीण गेली होती. मावशी नागपूरला जाऊन, सगळं आटोपून परतल्याही होत्या. शेवटची भेट झाली नव्हती.

मला लाज वाटली. काहीतरी द्यावं म्हणून घाईनं बोललो, "मावशी, तुम्ही म्हणाल तर तो करार मी आजच रद्द करतो. मास्तर नाही तर दुसरं कोणी पाहू."

त्यांनी चष्मा काढला. "रद्द करता येत होता?"

"हो. मी हो म्हटलं की झालं."

"तेव्हाबी?"

मी मान खाली घातली. "तेव्हाही."

त्यांनी चष्मा पदरानं पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "आता काहून रद्द करून राहिला? आता कोणाकडं जायचं आहे मले?"