चौरागडाच्या पायथ्याशी चपला

माणसं डोंगर चढून देवापुढे राग सोडतात. आमची थोरली काकू दर शिवरात्रीला पचमढीचा चौरागड चढायची ती रागाला धार लावायला.

कारण सांगते. तिचा लेक टायफॉइडातून वाचला, म्हणून तिने वरच्या महादेवाला त्रिशूळ वाहायचा नवस केला होता. आमच्या घरची रीत अशी, की तो खडकाळ डोंगर अनवाणी चढायचा आणि एकाने खाली चपला राखायच्या. नवस फेडायच्या वर्षी बंडूकाकांनी, म्हणजे तिच्या धाकट्या दिरांनी, तिच्या खांद्यावरचा त्रिशूळ ओढून घेतला. "वहिनी, तुमच्यानं चढणं होते काय? बसा इथंच चपलांपाशी." सगळे हसले. मी दहा वर्षांची, मीही हसले. वर पुजाऱ्याने नाव विचारलं, तर काकांनी सांगितलं स्वतःचं! ते मी खाली येऊन काकूला सांगितलं.

ती जबलपूरला परतली आणि अधारतालच्या घरून रोज सकाळी मदनमहालची टेकडी चढायला जाऊ लागली. घामाघूम होऊन घरी यायची.

"काकू, काहून एवढा जीव काढून राहिली?"

"नवस माझा, लेक माझा, अन् नाव त्याचं? सोडते काय मी त्याला!"

पुढच्या शिवरात्रीला तिने नवा त्रिशूळ घेतला आणि आपल्या चपला काकांपुढे काढल्या. "चलो भाऊजी, बसा. आता तुमची पाळी." घरात ती थोरली, काका बसले. मग सतरा वर्षं ती दर वेळी नवा त्रिशूळ नेत राहिली, पण त्यांना वर जाऊ दिलं नाही. उतरून आली की एकेक जोड तपासायची. एखादी चप्पल उलटी दिसली की जत्रेसमोर म्हणायची, "एवढंही जमत नाही काय हो?" मला भारी मजा यायची. खोटं कशाला बोलू, अजूनही येते.

शेवटच्या वर्षी काकांचे डोळे भरून आले. "वहिनी, आता तरी माफ करा. एकदा वर जाऊ द्या."

"माफ महादेव करते," काकू म्हणाली. "मी चपला ठेवते."

गेल्या थंडीत काकू गेली. यंदाचा त्रिशूळ तिने आधीच आणून दाराशी ठेवला होता. तेराव्याला काका त्याला हात लावून म्हणाले, "बेटा, हा मी नेतो. वहिनीच्याच नावानं." ते मनापासून बोलत होते, मला कळत होतं.

शिवरात्रीला पायथ्याशी मी तो त्रिशूळ खांद्यावर घेतला. चपला काढून काकांपुढे ठेवल्या. मग पिशवीतून काकूच्या झिजलेल्या चपला काढून त्याही शेजारी मांडल्या.

"बसा काका," मी म्हटलं. "तिच्याही राखा."