परत घेण्याचा कागद

"परत जाणार कधी?"

गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, सुलेमानी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला, की भाईंचा हा प्रश्न यायचा. रंग कोणता हवा, घरात माणसं किती, बजेट काय, हे सगळं त्यानंतर. समोर फिलिपिनो नर्स असेल तर "मॅडम, व्हेन यू गोइंग बॅक?", केरळचं कुटुंब असेल तर "वापस कब जाने का है?" आणि आपलं कोणी असेल तर चक्क मराठीत. नव्या गाडीच्या हौसेनं आलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी असा उतरायचा की बघवत नसे. मी त्या शोरूममध्ये तक्रारींच्या टेबलावर बसायचे. माझ्या हातात आलेली पहिली तक्रार गाडीची नव्हतीच, भाईंची होती. "तुमचा सेल्समन आम्हाला देशाबाहेर घालवायला बसला आहे," असं एका गृहस्थांनी लिहून दिलं होतं.

आम्ही अमेरिकन गाड्या विकत होतो. दुबईत हमरस्त्यावर आमचं काचेचं शोरूम, आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, जपानी गाड्यांचं. तिकडे शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नसे. आमच्याकडे शनिवारी फरशी पुसून घेत.

भाई मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. ऐन विशीत इकडे आले, आधी टायरच्या दुकानात, मग सुट्या भागांच्या काउंटरवर आणि मग टाय लावून शोरूममध्ये. त्यांचं खरं नाव कोटावरच्या पट्टीवर होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नसे. मॅनेजरपासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते भाईच.

गाडी दाखवायची त्यांची एक पद्धत होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं, गिऱ्हाइकाला दोन पावलं मागे उभं करायचं, आणि डोळे मिटून दार लावायचं. "ऐका," म्हणायचे. आमच्या गाडीचं दार खरोखर छान लागायचं, भरीव आवाजात. ऐकणारा खूश झाला की भाई डोळे उघडून म्हणत, "पन दार ऐकून गाडी घेऊ नका." असा सेल्समन तुम्ही पाहिलाय का कुठे? मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एकदा मी त्यांना विचारलंच, की लोकांना हा जायचा प्रश्न कशाला?

"मॅडम, हितं मानूस गाडी घेतो, तवाच त्याला ती विकायची असते," भाई म्हणाले. "व्हिसा कंपनीचा. कंपनीनं खलास म्हटलं की हातात मोजके दिवस. त्यात घर सोडायचं, पोरांचे शाळेचे दाखले काढायचे, सामान कार्गोला द्यायचं. आनि गाडी. जपानी असली तर काचेवर चिठ्ठी लावा, दोन दिवसांत चावी दुसऱ्याच्या हातात. आपली असली तर चिठ्ठीचा रंग उडतो उन्हात."

अमेरिकन कंपन्या जपान्यांपुढे मागे का पडतात यावर मी बरेच जाडजूड लेख वाचले होते. चिठ्ठीचा रंग कोणी लिहिला नव्हता.

म्हणून दोन-तीन वर्षांत जाणाऱ्याला भाई सरळ सांगत, "रस्ता ओलांडा." जो दहा वर्षं राहणार, ज्याची चार मुलं आणि सासू आहे, जो दर सुट्टीत ओमानला गाडी हाकणार, त्यालाच ते आमची मोठी गाडी विकत. पुन्हा वर शब्द देत, "जायची येळ आली की माझ्याकडे या, मी विकून देतो." आणि खरंच देत. सुट्टीच्या संध्याकाळी शारजाहला खालिद तळ्याच्या काठावर कोणा ना कोणा निघालेल्या माणसाची गाडी घेऊन ते उभे दिसत. त्यात त्यांना एक दिरहमही मिळत नसे. मॅनेजर कपाळावर हात मारून घ्यायचा, पण भाईंकडून गेलेलं गिऱ्हाईक पुढचं गिऱ्हाईक घेऊन यायचं, त्यामुळे त्याला बोलताही येत नसे.

आमच्यावरही त्या प्रश्नाची वेळ आली. नुकतेच पुण्याहून आलो होतो, मला कंपनीची सवलत होती, आणि निळी गाडी मी मनात नक्कीही केली होती. भाईंनी सुलेमानी मागवली तेव्हाच पुढचं मी ओळखलं.

"साहेब, परत जाणार कधी?"

"दोन वर्षांत," नवरा म्हणाला. आम्ही सगळे दोन वर्षंच म्हणतो. तुम्ही कोणालाही विचारून बघा.

"मग ही नको," म्हणाले भाई, आणि त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या एका लखनौवाल्यांची जुनी जपानी गाडी त्यांनी आम्हाला घेऊन दिली. मी चिडले. ज्यांचं मीठ खाते त्यांच्या दारात ही गाडी घेऊन येऊ कशी? भाईंनी शांतपणे सुचवलं, "मागच्या गल्लीत लावा." सुदैवानं नवरा ती रोज सिलिकॉन ओएसिसला त्याच्या ऑफिसात घेऊन जायला लागला आणि माझी अब्रू वाचली.

मी मग भाईंच्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागले. शारजाहच्या अल मजाज भागात आमची इमारत एकच. मुलांच्या शिक्षणासाठी बायको-मुलं गावी पाठवल्यापासून भाई दोघा गाववाल्यांबरोबर पाचव्या मजल्यावर राहत. सकाळी पार्किंगमध्ये "या वयनी" म्हणून ते दार उघडत, दुबईची हद्द लागली की माझी "मॅडम" व्हायची आणि संध्याकाळी शारजाह आलं की पुन्हा वयनी. यात त्यांनी कधी चूक केली नाही.

त्यांची स्वतःची गाडी मात्र आमच्याच कंपनीची होती. "विकनाऱ्यानं तरी घ्यायला पायजे ना!" एसी असा की ऑगस्टमध्ये मी शाल घेऊन बसायचे. पण मागची डावी काच उन्हाळ्यात अडकायची, आणि तिचा एक चिमूटभर भाग यायला तीन आठवडे लागायचे. "समोरच्यांचा पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो," भाई म्हणत, आणि अडकलेल्या काचेला पुठ्ठा लावून आम्ही निघत असू.

जानेवारीत अमेरिकेहून साहेब लोक यायचे. छान हवा, वाळवंटात जेवण, मग सभा. अशा एका सभेत साहेबांनी विचारलं की जपानी आपल्या पुढे का? भाई उभे राहिले. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण अडखळत नसे.

"सर, यू कम जॅन्युअरी. दे कम ऑगस्ट."

मग त्यांनी सांगितलं, की दर ऑगस्टमध्ये रस्त्यापलीकडच्या आवारात दोन जपानी इंजिनिअर भर दुपारी गाडीच्या काचा लावून आत बसतात. घाम पुसतात, वहीत लिहितात, बाहेर येऊन पाणी पितात आणि पुन्हा आत जाऊन बसतात. भाई हे आपल्या काचेतून चार वर्षं बघत होते. साहेबांनी "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणून टिपून घेतलं. दोन महिन्यांनी तिकडून आमच्यासाठी एक भलंमोठं पोस्टर आलं, बर्फाळ डोंगरातून धावणाऱ्या गाडीचं. भाईंनी ते स्वतः स्टुलावर चढून सरळ लावलं. हसले मात्र नाहीत.

पुढे विक्री आणखी घसरली आणि शोरूम बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा भाईंनी तो कागद काढला. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं, टायपिंगही माझं. कंपनीनं गाडी विकतानाच लिहून द्यायचं, की तीन वर्षांनी तुम्हाला जायचं झालं तर ठरलेल्या किमतीला गाडी आम्ही परत घेऊ. एवढंच. इतकी वर्षं भाई जे तोंडी सांगत आले, त्याखाली कंपनीची सही हवी होती.

"ही सही झाली ना मॅडम, तर शोरूम चालंल," ते म्हणाले. आम्हा चौदा जणांचे व्हिसा त्या शोरूमवर होते. भाईंचा धाकटा अजून कॉलेजात होता, आणि त्यांच्या वयाला नवी नोकरी कोण देणार, हे ते बोलत नसत पण मला कळत होतं. तो कागद आम्ही सात वेळा सुधारला. वर पाठवला. भाई रोज सकाळी गाडीत विचारत, "काय आलं काय?" मी म्हणे, "येईल, भाई." ते म्हणत, "इन्शाल्ला."

उत्तर वर्षानं आलं, तीन ओळींचं. तीन वर्षांनंतर आपल्या गाडीला काय किंमत येईल हे आज सांगता येत नाही, म्हणून अशी हमी धोरणात बसत नाही. भाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"आपल्याच गाडीवर आपला भरवसा नाय," ते म्हणाले. "मग त्या नर्सबाईनं कशाला ठेवायचा?" मग उठले आणि गिऱ्हाइकाकडे गेले. मला त्या दिवशी कंपनीचा इतका राग आला की मी टेबलावरचं काचेचं पेपरवेट खणात टाकून दिलं, त्यावर कंपनीचं चिन्ह होतं म्हणून.

सहा महिन्यांनी शोरूम बंद झालं. मला शारजाहच्या दुसऱ्या टोकाला एका विमा कचेरीत नोकरी मिळाली. भाईंना मिळाली नाही. आता त्यांच्याच हातात मोजके दिवस होते, आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लागली.

ज्या माणसानं शेकडो लोकांच्या गाड्या विकून दिल्या, त्याची गाडी तीन आठवडे तिथंच. येणाऱ्या प्रत्येकाला भाई आधी अडकणारी काच दाखवत, मग तीन आठवड्यांच्या पार्टचं सांगत, मग "परत जाणार कधी?" विचारत. माणूस "विचार करून फोन करतो" म्हणून जाई. चिठ्ठीचा रंग खरंच उडाला.

शेवटी मी खाली गेले आणि म्हणाले, "भाई, गाडी मला द्या. माझी जायची-यायची सोय गेलीय."

"वयनी, तुमी जाणार कधी?"

"दोन वर्षांत."

भाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अकरा वर्षं ऐकतोय," म्हणाले.

घरी अर्थातच रणकंदन. "बारा हजार दिरहम! म्हणजे पावणेतीन लाख! त्या डबड्याला!" नवरा म्हणाला. मुलगी तोपर्यंत दहावीत गेली होती. ती म्हणाली, "मम्मा, इट्स एन्शंट!" मी दोघांचं ऐकून घेतलं आणि पैसे दिले.

विमानतळावर भाई टॅक्सीनं गेले. गाडी त्यांची राहिली नव्हती, आणि मी सोडते म्हटलं तर ऐकेनात. टॅक्सी जपानी होती. सामान ठेवून ते आत बसले, दार लावून घेतलं, आणि काच खाली करून म्हणाले, "हलकं वाजतं. पन पोचवंल."

चार दिवसांनी विम्याचे कागद शोधताना गाडीच्या कप्प्यात मला एक पाकीट मिळालं. आत तोच कागद. माझं इंग्रजी, माझं टायपिंग, सातव्यांदा सुधारलेलं. कंपनीचं नाव मात्र बॉलपेननं खोडलेलं, वर मोठ्या अक्षरांत भाईंचं पूर्ण नाव, गावचा पत्ता आणि सही. आजपासून तीन वर्षांनी ही गाडी आठ हजार दिरहमला मी परत घेईन. मी पार्किंगमध्ये बसून हसले आणि मग रडले. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी हा माणूस रत्नागिरीला नेऊन करणार काय?

फोन करून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते एवढंच म्हणाले, "कागद हाय तर हाय, वयनी. तारीख ध्यानात ठेवा."

मी ठेवली नाही. गाडी चालत राहिली, काच अडकत राहिली. गेल्या थंडीत भाई गेले. सकाळी चहा घेताना, बसल्या जागी. गाववाल्यांकडून निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच गाडीत सिग्नलला उभी होते. मागच्यांनी हॉर्न वाजवेपर्यंत हिरवा दिवा मला दिसला नाही.

आणि मागच्या महिन्यात, कामाच्या दिवशी, भारतातून फोन आला. भाईंचा धाकटा. आता गावाकडे औषधांचं दुकान चालवतो.

"आंटी, आज तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "अब्बांच्या डायरीत तारीख होती. मला सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी वयनींना फोन करायचा. गाडी द्यायची असेल तर शारजाहच्या एका गॅरेजवाल्याशी त्यांनी बोलून ठेवलंय. तो आठ हजार देईल आणि गाडी घेऊन जाईल. त्याच्याकडे पैसे आधीच दिलेले आहेत."

मी म्हणाले, "नको रे बाळा. गाडी द्यायची नाही."

"शुअर ना, आंटी?"

"हो."

"मग मी गॅरेजवाल्याला तसं सांगतो." पलीकडे दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी फोन कानाला धरून थांबले. मला वाटलं, आता तोही भाईंसारखा विचारेल. उत्तरसुद्धा माझ्या ओठावर तयार होतं.

त्यानं विचारलं नाही. "टेक केअर, आंटी," म्हणाला आणि फोन ठेवला.